सहीखालचं नाव

बाबा,

तुम्ही लिंक करायला शिकून आलात ती संध्याकाळ आधी लिहिते, कारण तुम्हाला इतकं खूश मी फार कमी वेळा पाहिलं. आपण कोपरखैरण्याला राहत होतो, तुम्ही तुर्भ्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट होता. तिथे टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हापासून तुम्ही घरात कुणाशी धड बोलत नव्हता. आणि त्या दिवशी बूटही न काढता थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे. "अगं ऐक, साहेबांचं नाव आणि हुद्दा एका वेगळ्या फाइलीत ठेवायचा. प्रत्येक पत्राच्या शेवटी ती फाइल नुसती जोडायची, त्याला लिंक म्हणतात. उद्या साहेब बदलले की एका जागी नाव बदलायचं, सगळीकडे आपोआप बदलतं!" आई पोळ्या लाटत होती. "अहो, आधी बूट काढा. साहेब बदलले तरी फरशी मलाच पुसायचीय," ती म्हणाली. तुम्ही इतके हसलात की शेवटी तीही हसली. कंपनीने बोलावलेला माणूस अर्ध्या दिवसात सगळं उरकून गेला होता, पण तुम्ही त्याचा उल्लेख 'सर' म्हणूनच करत होता.

पुढे साहेब खरंच बदलले. तुम्ही एका जागी नवं नाव घातलंत आणि दोन दिवस त्याच ऐटीत होता. मग तुमच्याकडचा जुना फिटर आला. खाडीकाठच्या गावातला, नोकरी सोडून आखातात निघालेला. आधीच्या साहेबांच्या वेळी तुम्ही टाइप केलेला त्याचा अनुभवाचा दाखला हरवला होता आणि त्याला दुसरी प्रत हवी होती. तुम्ही कॉम्प्युटरवरचं त्याचं जुनं पत्र उघडलंत, तारीख होती तीच ठेवलीत आणि प्रिंट काढलीत. स्वतःच टाइप केलेलं पत्र परत कशाला वाचायचं! नव्या साहेबांनी गठ्ठ्यातल्या बाकी कागदांबरोबर त्यावरही सही ठोकली. त्याला आखातात पाठवणाऱ्या एजंटाने कंपनीत चौकशी केली, तर दाखल्यावरच्या तारखेला सहीखालच्या नावाचे साहेब कंपनीत आलेच नव्हते. दाखला बोगस ठरला आणि त्याची आखातातली जागा दुसऱ्याला गेली.

रविवारी सकाळी तो पत्ता शोधत आपल्याकडे आला. आत या म्हटलं तरी आला नाही. "मी खोटा कागद कशाला आनू साहेब? तुमीच दिलेला हाय," तो म्हणत राहिला. "आता गावात सगली बोलतान, यानं बनवून घेतला." तो चिडलेला नव्हता, तेच मला बघवत नव्हतं. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "माझ्याच हातून नाव चुकीचं पडलं." आईने आणलेलं पाणी न घेताच तो जिना उतरून गेला.

कंपनीने मेमो दिला, तो तुम्ही पचवलात. पण स्वतःच्या हातांवरचा तुमचा विश्वास उडाला, तो उडालाच. सोसायटीला साधा अर्ज लिहिलात तरी कागद माझ्यासमोर धरायचात. "बघ गं, नाव बरोबर पडलंय ना?" ज्यांच्या टायपिंगमध्ये चूक दाखवा म्हणून अख्खं ऑफिस पैजा लावायचं, ते तुम्ही, कॉलेजातल्या मुलीकडून चार ओळी तपासून घ्यायचात. मला राग यायचा, कीव यायची आणि मग दोन्हींची लाज वाटायची. काही वर्षांतच तुम्ही गेलात, आणि जाताना ती चूक आपल्याच बोटांची असं धरून गेलात.

तुमच्यामागे मी बेलापूरच्या एका ऑफिसात लागले आणि संध्याकाळी वाशीत कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. एक दिवस बाईंनी लिंक शिकवली. मूळ फाइलीतलं नाव बदललं आणि मग खूप आधी सेव्ह केलेलं एक पत्र उघडून दाखवलं. वर जुनी तारीख, खाली नवं नाव. "जुनी पत्रंपण बदलतात हं. जुनं तसंच राहायला हवं असेल तर लिंक तोडायची," असं म्हणून त्या पुढच्या धड्याकडे वळल्या. तुमचं बोट चुकलंच नव्हतं बाबा. तुमचा जन्म कार्बन कॉपीत गेला. प्रत निघाली की तिच्यावरचं नाव कायमचं, फाइल पिवळी पडेल पण नाव हलायचं नाही. उघडताक्षणी जुना कागद स्वतःच बदलून समोर येईल, हे तुमच्या डोक्यात येणार तरी कुठून? शिकवणाऱ्याने लिंक जोडायला शिकवलं, तोडायला नाही. त्या दिवशी मी क्लास अर्धा टाकून घरी आले आणि आईलाही काही सांगितलं नाही.

हे तुम्हाला वेळेवर सांगता आलं असतं तर तुम्ही सुटला असता, असं मी इतकी वर्षं धरून बसले. आज लिहायला घेतलं तेही त्यासाठीच. पण बोट चुकलं नाही हे सांगायचं, तर मग कशाने घात केला तेही सांगावं लागणार. हात काय, कुणाचाही चुकतो. उभ्या नोकरीत ज्या एका गोष्टीचा तुम्हाला एवढा आनंद झाला, तिनेच त्या माणसाची जागा घालवली, हे मी तुमच्या तोंडावर कशी सांगू? हे पत्र पाठवायला पत्ता नाही याचं आज पहिल्यांदाच मला बरं वाटतंय. खरं सांगते बाबा, तुम्ही आत्ता समोर बसला असतात, तर मी तुम्हाला यातलं काहीच कळू दिलं नसतं.