भुशाची शाळा

४ मार्च, सोमवार

आज निनेतशी करार झाला. निनेत माझी मुलगी. हॉटेलात रिसेप्शनवर बसते, म्हणून घरीही पाहुण्यांशी बोलावं तसं गोड बोलते आणि शेवटी आपलंच खरं करते. म्हणाली, "आई, लुसेरो अडीच वर्षांची झाली. 'नाही' सोडून एक शब्द येत नाही तिला. ईस्टर झाला की बालवाडीत घालू या."

मी म्हटलं, आजी घरात असताना बालवाडी कशाला? बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं: ईस्टरपर्यंत लुसेरोने तीन रंग ओळखून तोंडाने सांगितले, तर ती घरीच माझ्याजवळ राहील. नाहीतर एक एप्रिलला शाळा.

चार आठवडे, तीन रंग. मी स्वतः एक्केचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकले. माझा नवरा एलिसेओ ज्या वर्तमानपत्राच्या कागदात खिळे बांधून आणायचा, त्या कागदांवरून. कुणी शिकवलं नाही. त्यामानाने हे काहीच नाही.

आरोग्य केंद्रातून एक पुस्तिका आणली आहे, घरच्या घरी खेळातून शिक्षण. रोज नऊ ते दहा खेळ. सव्वादहाला सगळं आवरून मोकळं.

हे मी फक्त पोरीच्या बुद्धीसाठी करते आहे. मला सोबतीची गरज नाही. एलिसेओला जाऊन तीन वर्षं झाली, मी व्यवस्थित आहे.

५ मार्च

काळा घेवडा आणि मक्याचे दाणे वेगळे करणे. अंड्यांच्या पुठ्ठ्यात. पुस्तिका म्हणते, याने बोटांची पकड सुधारते. पकड उत्तम आहे. लुसेरोने दाणा नाकात इतका आत नेला की आरोग्य केंद्रात चिमट्याने काढावा लागला. नर्स म्हणाली, "आजी, घेवडा शिजवून खायला देतात हो." तरुण आहे. तिला शिक्षणातलं काय कळणार?

रंग: शून्य. आवरायला दीड तास.

८ मार्च

मक्याचं मळलेलं पीठ, तमालसाठी पानात गुंडाळून उकडतो तेच. गोळे करायचे, चपटे करायचे. तिने गोळे खाल्ले. उरलेलं केसांत.

शेजारची डोन्या तोया भिंतीवरून डोकावली. हा तिचा पूर्णवेळ उद्योग आहे. म्हणाली, "हर्लिंदा, पोरगी शिकतेय की तू तिचा तमाल बांधतेयस? केळीचं पान देऊ का गुंडाळायला?"

उद्यापासून भिंतीच्या या बाजूला बसायचं नाही.

१२ मार्च

भिंतीच्या त्याच बाजूला बसावं लागलं, सावली तिथेच असते.

बिटाचं लाल पाणी, पालकाचं हिरवं. कागदावर हाताचे ठसे. लुसेरोने कागद बाजूला ठेवला आणि मला रंगवलं. मी विचारलं, हा कोणता? "नाही." आणि हा? "नाही." एकूण अकरा वेळा. पण प्रत्येक 'नाही' वेगळ्या सुरात होता. भाषेची सुरुवात अशीच होते. निनेतला हे समजावलं, तेव्हा ती माझ्या कानातलं बीट पुसत होती.

१५ मार्च, शुक्रवार

बिटात दम नव्हता. रंग ठसठशीत हवा. सकाळी उत्तम युक्ती सुचली.

एलिसेओच्या सुतारखान्यात भुशाची तीन पोती आहेत. त्याच्या हातची शेवटची. गुड फ्रायडेला मिरवणुकीच्या वाटेवर रंगीत भुशाचा गालिचा घालतात. दरवर्षी त्यासाठी गल्लीतले लोक मागायला येतात, आणि मी सांगते, भुसा ओला आहे, चालणार नाही. कोरडाच आहे.

एक पोतं उघडलं. देवदाराचा वास आला. पोतं बांधून ठेवलं. कॉफी घेतली. पुन्हा उघडलं.

भुसा चाळला, तीन घमेली केली: लाल, हिरवं, जांभळं. गालिच्यासाठी आपण जी पूड कालवतो, तीच. या गल्लीत मी पन्नास वर्षं भुसा रंगवते आहे, मला कोण शिकवणार? पुस्तिकेत 'खाण्याचा रंग वापरावा' असं आहे, पण ते गालिचे न करणाऱ्या लोकांसाठी असावं.

लुसेरो जांभळ्या घमेल्यात जाऊन बसली. एक तास. मी तिला इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. भुसा ओंजळीत घ्यायची आणि माझ्या मांडीवर ओतायची. पुन्हा घ्यायची.

यशस्वी दिवस.

१६ मार्च

रंग निघत नाही. लिंबू, खोबरेल, राखेचा साबण, झालंच तर थोडं रॉकेल (हे निनेतला सांगितलेलं नाही). पोरगी कमरेपासून खाली आणि हनुवटीपासून वर जांभळी. मध्ये गंजीफ्रॉक होता.

निनेत गोड बोलली नाही.

डोन्या तोया म्हणाली, "मिरवणुकीत जांभळा झगा घालतात, हर्लिंदा. कातडी रंगवायची नसते."

तरीही: जांभळा रंग आता सतत तिच्या नजरेसमोर आहे. हा शिक्षणाचाच भाग.

२० मार्च

चर्चमध्ये दोन बायकांनी लुसेरोकडे पाहून छातीवर क्रूस काढला. एकीने विचारलं, हा काही नवस आहे का? मी होय म्हटलं. लांबलचक समजावण्यापेक्षा बरं.

खेळ: भुशात चमचे शोधणे. चमचे सापडले. रंगांची नावं नाहीत. अकरा दिवस उरले, गडबडीचं कारण नाही.

२५ मार्च

गडबडीचं कारण आहे. आज खेळ चार घेतले. दोघीही रडलो.

नवीन बेत. गल्लीच्या गालिच्यासाठी यंदा तिन्ही पोती देणार. गुड फ्रायडेला सगळ्यांसमोर, निनेतच्या देखत, लुसेरो रंग ओळखून दाखवेल. साक्षीदार असलेले बरे. तोयाला सांगितलं तेव्हा ती भिंत सोडून दारातून आत आली. मग म्हणाली, "तिन्ही? नक्की?" मी म्हटलं, भुसाच तर आहे.

२९ मार्च, गुड फ्रायडे

सकाळी आठपासून गल्ली रस्त्यावर. खाली वाळू, वर चाळलेला भुसा, त्यावर पुठ्ठ्याचे साचे. फळ्या टाकून त्यांवर बसायचं, म्हणजे पाय पडत नाही. मी लुसेरोला फळीवर समोर बसवलं आणि परीक्षा सुरू केली. हा कोणता? तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

बेकरीवाल्यांच्या नोएलिया आणि इत्सेल, वय चार आणि तीन, डब्यांतून रंग पोचवत होत्या. "ए जांभळी, जांभळा आण!" नोएलिया ओरडली. लुसेरो उठली. डबा घेऊन गेली. "हा नाही गं, हिरवा!" परत पळाली. अर्ध्या तासाने रस्ताभर तिचा आवाज: "हिरवा! लाल दे! माझा जांभळा!" डोन्या तोयाने डब्याला हात लावला, तर तिच्यावरही ओरडली.

निनेत हातात झारी घेऊन तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे आली. "तू जिंकलीस, आई. करार म्हणजे करार. राहू दे तिला घरी."

म्हणजे माझी पद्धत बरोबर ठरली. चार आठवडे पाया मीच घातला, त्या दोघींनी फक्त झाकण उघडलं.

मिरवणूक चारला आली. गालिच्यावरून पूर्ण जायला तिला सहा मिनिटं लागली. मागोमाग नगरपालिकेचे लोक फावडी आणि झाडू घेऊन. एलिसेओचा भुसा ट्रकमध्ये गेला. मूठभर बाजूला ठेवावा असं सकाळी मनात आलं होतं. ठेवला नाही.

चला, सुतारखान्यात जागा झाली.

३० मार्च

जिंकल्यानंतरचा पहिला दिवस. नऊ वाजता पाण्याचे रंगीत पेले मांडले. लुसेरोने पाहिलेही नाहीत. बूट उलटे घालून दारात जाऊन बसली आणि हाका मारत राहिली. "नोये! इत्से!"

अकराला त्या आल्या. तिघी मिळून माझ्या पेल्यांचा चिखल केला आणि त्याला सूप म्हणाल्या. नोएलियाने सांगितलं, त्यांच्या बालवाडीत शिकवणारी सेन्यो मुद्दाम चिखल करून देते, मोठ्या पेटीत. लुसेरोने विचारलं, "माझा?" इत्सेल म्हणाली, "तू येतच नाहीस ना."

जेवायला त्या घरी गेल्या. लुसेरो दारात बसून राहिली. मी चार गोष्टी सांगितल्या, तमाल दिला, शेवटी घेवडासुद्धा दिला. ती रस्त्याकडेच बघत होती. अशी बसणारी माणसं मला ओळखू येतात.

३१ मार्च, ईस्टर

निनेतला सांगितलं, लुसेरोला उद्या बालवाडीत सोडू या. पुढील शिक्षणासाठी. माझ्याकडचा अभ्यासक्रम संपला.

तिने मला मिठी मारली, आणि बराच वेळ सोडलं नाही. हॉटेलातल्या पाहुण्यांना ती अशी मिठी मारत नसावी.

रडेल पोरगी. दोन दिवसांत परत आणावी लागेल. तीन रुमाल इस्त्री करून ठेवले.

१ एप्रिल, सोमवार

आठला पोचलो. फाटकाशी तिने माझा हात सोडला आणि आत पळाली. मागे वळून पाहिलं नाही. पहिला दिवस आहे, नंतर आठवण येईल, म्हणून मी वर्गाच्या खिडकीसमोरच्या ओट्यावर बसून राहिले. लागलंच तर हाताशी असावं.

नऊला सेन्यो बाहेर आली. मी लगेच उठले. म्हटलं, रडतेय का? थांबा, रुमाल आहेत माझ्याकडे.

"लुसेरो छान रमलीय हो," ती हळूच म्हणाली. "पण आजी, तुम्ही जरा खिडकीपासून लांब बसाल का? बाकीची मुलं विचारतायत, त्या बाई का रडतायत म्हणून."