देवीचा पौंड

आबा, गेल्या गुरुवारी सकाळी मी सांगलीत पेढीवर सगळ्यांच्या आधी पोचलो आणि शेठजींचा पेपर त्यांच्याआधी उघडला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं. हळदीची पेढी आहे, माल विलायतेला जातो, म्हणून पौंडाचा भाव इथे नेहमी बघतात. शेठजी आले. टोपी खुंटीला अडकवता अडकवता म्हणाले, "काय, देवीचा पौंड कितीला आला?" हमालांपासून सगळ्यांना तुमचा पौंड ठाऊक आहे. मीच सांगत आलोय.

मला तो आईकडून कळला. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन तुम्ही विलायतेच्या इस्पितळात पडला होता. पाय काढावा लागेल असं डॉक्टर म्हणत होते. जखमींना भेटायला आलेल्या एका म्हाताऱ्या मडमेनं तुमच्या उशाशी पौंडाची नोट ठेवली आणि तुम्ही आपल्या गावच्या देवीला बोललात, पाय राहू दे, ही नोट तुझ्या पायाशी घालीन. पाय राहिला. मुंबईला बोटीतून उतरल्यावर, गावाकडे ही नोट कोण ओळखणार, म्हणून तुम्ही ती मोडली. पंधरा रुपये आले. घरी येऊन बघता तर लग्न ठरलेलं आणि घरात दमडी नाही. त्या पंधरा रुपयांतून आईचं लुगडं आलं, गावजेवणाचा गूळ आला. आई अजून हसत सांगते, "देवीच्या पैशाचं लुगडं नेसून बोहल्यावर हुबी ऱ्हायले मी. देवी म्हनली आसंल, माझं लुगडं पळवलं हिनं."

तुम्ही नवस फेडणार होताच. पण गाठीला चार पैसे लागले तोवर पौंड तेरा रुपये पाच आणे चार पै झाला होता. गुरव म्हणाला, तेराच घाल, वरचे आणे मी सोडतो. तुम्ही ऐकलं नाही. "बोललो पौंड, खाल्लं पंधरा. पौंड पुन्ना पंधराचा हुईल तवा घालतो. मग देवीला बी कमी न्हाई, बोलन्याला बी कमी न्हाई." आणि नवस फिटेपर्यंत आपल्या घरातल्या कुणी देवळाची पायरी चढायची नाही, खालूनच हात जोडायचे, हे तर तुम्ही तुमच्या लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं. माझ्या लग्नात मी आणि नवरी पायरीखाली उभे होतो आणि गुरवानं वरून आमच्या अंगावर फुलं टाकली.

लहानपणीचं आठवतं, मी शाळेतून येतो. त्या दिवशी मास्तरांनी विनिमयाची गणितं घातलेली आहेत आणि मला ती सगळी आली आहेत. तुम्ही गोठ्यात म्हशीखाली बसलेले. मी म्हणतो, "आबा, आपन पंधरा घालू आन वरचा एक रुपया धा आनं आठ पै गुरवाकडनं परत मागू." तुम्ही मागं न बघता म्हणता, "हिशेब बरुबर हाय. पन देवीसंगं तडजोड करायची न्हाई रं." आणि सडाची धार वळवून माझ्या तोंडावर मारता. नाकातोंडात दूध जातं, आपण दोघं हसतो, म्हैस पाय आपटते.

तुम्ही गेलात, मी मोठा झालो, पौंड तेरावरच बसून राहिला. मग सहासष्ट साली रुपया पडला आणि तो एकदम एकवीसला गेला. गुरवाचा पोरगा, आता तोच पुजारी आहे, आईला म्हणाला, "आजी, एकवीस घाला, आकडा चांगला हाय." आई म्हणाली, "तुझा बाप तेरा म्हनायचा, तू एकवीस म्हनतुयास. देवी तीच हाय न्हवं?"

पुढं तो अठरावर येऊन थांबला. गेल्या वर्षी सरकारनं पौंडाशी बांधलेला रुपया सोडवला आणि यंदा पौंड घसरायला लागला. शेठजींचा चेहरा उतरायचा आणि माझा खुलायचा. "गड्या, तुझी देवी माझी पेढी बुडवनार," ते म्हणायचे. मी शनिवारी कराडला उतरून घरी गेलो की आई ओट्यावरूनच विचारायची, "कितीला?" मी म्हणायचो सोळा. "मग बस, जेव." पण तिला आता खोलीतून ओट्यावर यायलाही भिंत धरावी लागते. पौंड आधी उतरतो की तिचे गुडघे आधी बसतात, एवढीच मला धास्ती होती.

गुरुवारी मी रजा घेऊन घरी गेलो. तिनं विचारलं, मी म्हणालो, "पंधरा." ती जेव म्हणाली नाही. वाकळेला लावलेला लग्नातल्या त्या लुगड्याचा काठ तिनं उसवला आणि कनवटीला खोचला.

शुक्रवारी सकाळी ती पायरी चढली. गुरवाचा पोरगा हात द्यायला पुढे झाला, तर म्हणाली, "धरू नगंस रं. साठ वर्सं खाली हुबी हाय, आन तुला आताच घाई." आत गेल्यावर कितीतरी वेळ बघत राहिली. मग तुम्ही शेजारी असल्यासारखी म्हणाली, "आवं, लय बारकी हाय की ही." गुरवाचा पोरगा हसायला लागला, मीही. आईनं आणि मी देवीला पहिल्यांदाच जवळून पाहिलं. ती खरंच वीतभर आहे आणि तिच्या कपाळावरचं कुंकू आईच्या कुंकवाएवढंच मोठं होतं, तुम्ही असताना आई लावायची तेवढं.

एक गोष्ट आईला सांगितली नाही, पेढीवरही कुणाला नाही. बुधवारच्या पेपरात पौंड पंधराच्या थोडा वर होता आणि गुरुवारच्या पेपरात थोडा खाली. नेमका पंधरा कुठेच छापलेला नव्हता. तुम्ही असता तर पुन्हा वाट बघत बसला असता. मी पंधरा रुपये देवीपुढे ठेवले, आबा, आणि आईला प्रदक्षिणेला घेऊन गेलो.