पुलापलीकडचं माहेर

पिंपरी कॅम्प
रविवार, दुपार

प्रिय साधना,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तू मोठ्यांदा म्हणशील आणि खाटेवरून सोजराबाई विचारतील, “कुनाचं गं? त्या कॅम्पातल्या पोरीचं व्हय?” तुझ्या सासूबाईंच्या लेखी मी अजून पोरच आहे, गुडघे बदलायची वेळ आली तरी. सक्खरच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणायच्या, जे बोलताना आवाज कापेल ते लिहावं. म्हणून लिहायला बसले. त्यांनी इंग्रजी शिकवली, मराठी तू शिकवलीस. चुका दिसल्या तर दोघींनी वाटून घ्या.

तू पाठवलेल्या ज्वारीची भाकरी आज थापली. कडा अजून फाटतात. तुमच्या घरामागची पट्टी यंदाही पेरलीत, हे ऐकून बरं वाटलं. तिन्ही बाजूंनी कंपन्यांच्या भिंती आल्या तरी तुझे दादासाहेब ती विकत नाहीत, म्हणून लोक त्यांना हसतात, असं तू सांगितलंस. मी नाही हसले.

आकुर्डीचे दिवस आठवतात. आपली दारं समोरासमोर. दादासाहेब स्कूटरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघाले की तुझ्या स्टोव्हचा आवाज यायचा आणि नवी नवरी असलेल्या मला वाटायचं, चला, कुणीतरी जागं आहे. तू पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा मी आमच्या रीतीप्रमाणे पाण्याबरोबर भाजलेला पापड पुढे केला. तू म्हणालीस, “अगं, पापड आला, ताट कुठंय?” मी रडवेली झाले आणि तू हसत सुटलीस. दूधवाल्याशी मी हिंदीत बोलायला लागले की दारातून ओरडायचीस, “मराठीत बोल गं, भांडायला जोर येतो!” जोर आला खरा. आता आमच्या ह्यांना, हरेशना विचार.

माझ्या नावाचा घोळ तुला माहीतच आहे. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. जमना म्हणून सक्खरहून निघाले, इथे भटजींनी वंदना केलं. सासरच्यांनी हौसेनं लग्नाच्या दाखल्यावरही वंदनाच घातलं. पासपोर्टवर मात्र जमना. नागरिकत्वाचा अर्ज पहिल्यांदा परत आला तो त्यावरून. ही बाई आणि ती बाई एकच कशावरून, असं कचेरीतल्या साहेबांनी विचारलं. ते चिडून बोलत नव्हते, त्यांनाही कळत नव्हतं. प्रतिज्ञापत्रं झाली, जाहिरात झाली, तोवर पासपोर्टची मुदत संपली. तो दिल्लीच्या पाकिस्तानी वकिलातीतून नवा होऊन येईतो इथला व्हिसा संपत आला. एक दोरा ओवावा तर दुसरा निसटावा. साऱ्या घरात मी वंदना, कागदोपत्री कधी ही, कधी ती. सरळ जमना म्हणणारी इथे तू एकटीच राहिलीस.

मग तुझे सासरे गेले आणि तुम्ही महाळुंग्याला, गावच्या घरी राहायला गेलात. माझ्या व्हिसावर मुक्कामाची हद्द लिहिलेली होती. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला की ती संपायची. पलीकडे जायचं तर आधी परवानगी, आणि परवानगीसाठी पुन्हा तीच खुर्ची, तेच प्रश्न. तू एकदाच विचारलंस, आणि कारण कळल्यावर स्वतःच येऊ लागलीस. चाकणवरून बसने यायचीस, पुलाच्या अलीकडे उतरायचीस, आणि आपण त्या चहाच्या टपरीमागच्या बाकावर बसायचो. तुमच्याकडचा हुरडा मी तिथे खाल्ला. पुतणीच्या लग्नातली बुंदी, गावच्या जत्रेचं जेवण, सगळं डब्यातून माझ्यापर्यंत आलं. टपरीवाला म्हणायचा, “मावशी, तुमच्या मैत्रिणीच्या गावात सारखं लग्नच असतं का ओ?” सोजराबाई एकदा तुझ्याबरोबर आल्या होत्या, आठवतं? माझा हात धरून म्हणाल्या, “तुजं म्हायेर लांब ऱ्हायलं, तर ऱ्हाऊ दे. हितं हाय की एक. ये चार दिस.” मी मान हलवली. पुलाकडे मात्र बघितलं नाही.

पुढे तो नियम सैल झाला. राज्यात कुठेही जा, हरकत नाही, असं वकिलांनी सांगितलं. हरेश म्हणाले, “आधी फाइल हलू दे. वाटेत कुणी विचारलं, तर उत्तर कोण देणार?” मलाही ते पटलं. खरं तर पटवून घेतलं. आणि तूही कधी रेटलं नाहीस. हद्द उठली तरी आपण दोघी त्याच बाकावर बसत राहिलो, माझ्या भीतीला तू नावसुद्धा ठेवलं नाहीस.

आता बातमी. अर्ज मंजूर झाला. पंधरा दिवसांनी जुना पासपोर्ट जमा करायचा आणि शपथ घ्यायची. दाखल्यावर ‘वंदना उर्फ जमना’ असं येणार आहे. हरेशनी दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले. इतक्या वर्षांत त्यांना मी असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मीही पेढा तोंडात घातला. तो बराच वेळ तोंडातच राहिला.

हे तुलाच सांगू शकते. मला इथली व्हायचंय, त्यात कणभर शंका नाही. माझी मुलं इथली, माझं म्हातारपण इथलं. पण कपाटातल्या त्या हिरव्या पुस्तकात सक्खर लिहिलेलं आहे. सरहद्दीवरचा रस्ता सध्या बंद आहे, पण बंद रस्ता कधीतरी उघडतो, आणि उघडला की मी अम्माकडे जाईन, असं मी त्या पुस्तकाकडे बघून स्वतःला सांगत आले. ते दिलं की असं सांगता येणार नाही. अम्मा आता अंथरुणाला खिळली आहे. गोवर्धन, माझा भाऊ, तिच्यासमोर फोन धरतो. कधी ओळखते, कधी मला तिची बहीण समजते.

गुरुवारी तिने ओळखलं. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे तुला इकडे येता येणार नाही?” मी म्हटलं, बहुतेक नाही, अम्मा. तुला सांगितलं होतं ना, तिचं स्वतःचं माहेर सिंधूच्या पलीकडे, रोहडीला. पूल ओलांडला की तिची चाल बदलायची, आम्हा पोरांचा हात सोडून पुढे जायची. ती म्हणाली, “मग तू माहेराला कुठं जातेस गं?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, जाते ना, महाळुंग्याला, दर वर्षी जाते. तिथं एक म्हातारी आहे, माझी वाट बघते. निघताना ओटी भरतात, तांदूळ, नारळ, खण. साधना, तुमच्याकडच्या माहेरवाशिणींचं तू सांगितलेलं सगळं मी तिला माझं म्हणून सांगितलं. तिचा चेहरा इतका निवला की मला थांबता आलं नाही. म्हणाली, “आमच्याकडून राहिलं ते त्यांनी केलं. आता गेलीस की मला दाखव. ते दार दाखव, ती म्हातारी दाखव. मग ते पुस्तक देऊन टाक. मी अडवणार नाही.”

म्हणून हे पत्र. शपथ व्हायच्या आधी, अजून ते पुस्तक माझ्याजवळ असतानाच, मला तुझ्याकडे यायचंय. शनिवारी येते, चार दिवस राहीन. हरेश गाडीने सोडतो म्हणाले, मी नको म्हटलं. सोजराबाईंना सांग, पोर येतेय, आणि सक्खरची एक म्हातारी फोनवर त्यांना बघणार आहे, तेव्हा नवं लुगडं नेसून बसा. दोघींना एकमेकींची भाषा कळणार नाही, पण त्या बोलतील. मी मोशीला बसमधून उतरेन. तू सवयीनं अलीकडे येशील, आपल्या बाकापाशी. येऊ नकोस. या वेळी पलीकडच्या टोकाला उभी राहा. पूल मी चालत येणार आहे.

तुझीच,
जमना