खांबावरची दुरुस्ती

स्तारो पोले,
१२ नोव्हेंबर

प्रिय व्हेन्त्सी,

तू बरा असशील असं धरून चालते. आम्ही दोघी ठीक आहोत. आईनं पिंपात कोबी खारवला, यंदा मीठ जरा जास्त पडलंय. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहिते आहे. पाकीट तरी फोडशील.

एक आधीच सांगून ठेवते. हे पत्र पोचायच्या आत तुझ्याबद्दल कुठे काही वाचलंस, तर घाबरू नकोस. ते काय आहे ते पुढे येईलच.

सारागोसातल्या दुसऱ्या मालकानंही तुझं नाव नेटवर शोधलं आणि तुला कामावरून काढलं, असं तू लिहिलं होतंस. ते वाचून मी पुन्हा त्या बातमीच्या मागे लागले. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी जे सांगितलं तेच मी आपल्या गावच्या साइटवर दिलं होतं, की गाडी तू चालवत होतास आणि शेजारी बसलेला क्रुम गेला. सोफियाचं ते मोठं पोर्टल आपल्या बातम्या जशाच्या तशा घेतं, तशी हीही घेतली. त्यांची पाहून इतरांनी घेतली. पुढे कोर्टात सिद्ध झालं की गाडी क्रुमच चालवत होता. मी त्याच दिवशी बातमी दुरुस्त केली. बाकी कुणी केली नाही.

या वेळी पोर्टलमध्ये एक बोलायला बरा माणूस भेटला.

"कसं आहे बाई," तो म्हणाला, "एकच मजकूर दहा ठिकाणी दिसला की सर्च इंजिन त्यातला एकच पुढे ठेवतं. जिथे गर्दी जास्त, तिथला."

"पण मूळ बातमी आमची आहे."

"असेल हो. त्याच्या लेखी तुमचीच नक्कल."

"मग तुमच्या बातमीखाली आमच्या दुरुस्तीचा दुवा तरी द्या."

"जुन्या बातम्यांना हात लावत नाही आम्ही. तुमच्यासाठी लावला तर उद्या सगळेच येतील."

मला राग यायला हवा होता. आला नाही. हल्ली येतच नाही. फोन ठेवला आणि कांदे सोलले.

मग वाटलं, नेटवर नाही तर नाही, गावात तरी खरं काय ते कळू दे. आपल्याकडे लोक काय वाचतात? खांब वाचतात, कोण वारलं ते बघायला. बसथांबा, बेकरीचं दार, शाळेची भिंत. मी गांचोच्या छापखान्यात गेले. वर तुझा तो टाय लावलेला फोटो, खाली ठळक नाव, त्याखाली कोर्टाचा निकाल, चार ओळींत. चौकट नको, असं बजावलं होतं. सकाळी कागद घ्यायला गेले तर बारीक काळी चौकट होतीच. "चौकटीशिवाय कागद उघडावाघडा दिसतो गं," गांचो म्हणाला. आयुष्यभर मेलेल्यांचेच कागद छापलेत त्यानं. मीही पाहिलं आणि असू दे म्हटलं. बादलीत खळ होती, हातात कुंचला होता. दुपारपर्यंत सगळे चिकटवून टाकले.

तुला आता कळलं असेल.

चार ओळी कोण वाचतं? लोकांनी फोटो पाहिला, नाव पाहिलं, चौकट पाहिली. मी घरी पोचले तेव्हा बैठकीत बसायला जागा नव्हती. सगळ्यांच्या हातात फुलं, दोन नाहीतर चार, मेलेल्यांसाठी नेतात तशी सम. कुणी वाडग्यात साखर घातलेला उकडलेला गहू आणलेला. तुला तिकडे स्पेनलाच पुरलं, हेही त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. आई कॉफी करत होती. मी "अहो, ऐका" म्हणून तोंड उघडलं तर तिनं माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

व्हेन्त्सी, तू स्पेनला गेल्यापासून या घराचा उंबरा कुणी ओलांडला नव्हता. बेकरीत आई शिरली की बोलणी थांबायची. आणि आता मास्तरीणबाई तिचा हात हातात घेऊन म्हणत होत्या, "मनानं वाईट नव्हता हो तुमचा मुलगा."

शेवटी रायनाकाकू आल्या, क्रुमची आई स्वतः. क्रुम गेल्यापासून समोरून जाताना त्या आपल्या फाटकाकडे बघत नसत. आईसमोर उभ्या राहिल्या. चष्मा नव्हता. कागद त्यांनीही वाचला नसणार. म्हणाल्या, "देव त्याला क्षमा करो. मीही केली. माझ्या पोराबरोबरचंच पोर ते." मग दोघी एका सोफ्यावर बसल्या आणि रडल्या. मी भिंतीला टेकून बघत राहिले. मला काही वाटेना. तू जे केलंच नाहीस त्याची क्षमा होती ती, पण आईला ती किती हवी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर कुणीतरी कागदाचा फोटो नेटवर टाकला आणि पोर्टलनं तोही उचलला. आता तुझं नाव शोधलं की आधी तू वारल्याचं येतं. अपघात दुसऱ्या नंबरावर गेला. इतकी वर्षं धडपडून मला जे जमलं नाही ते असं झालं. मी आपल्या साइटवर खुलासा लिहून ठेवलाय, अजून चढवलेला नाही. चढवून कुठे दिसणार आहे ते तुलाही माहीत आहे.

पण हे असं ठेवता येणार नाही. रायनाकाकूंना मी तोंडानं सांगू शकत नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. आई नुसती तुझ्या खोलीतल्या चादरी बदलते.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी तू वारल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण आहे. गावानंच ठरवलं. नाताळाआधीचे उपासाचे दिवस, मांस चालत नाही, म्हणून घेवडा. पाव रायनाकाकू स्वतः भाजणार आहेत, म्हणाल्या, क्रुमसाठी भाजला तसाच. दुपारी सगळे आपल्या टेबलाशी असतील. खुलासा मी करणार नाही, तू कर. एक शब्द बोलू नकोस, नुसता फाटक ढकलून आत ये. त्या परत रागावतील, कदाचित पाव उचलून घरी नेतील. तरी ये. कालच आईनं विचारलं, "गाडी किती वाजता पोचते?"

येताना रायनाकाकूंसाठी फुलं आण. तीन आण.

तुझी ताई,
झोर्नित्सा