जोडनळीवरचा चरा

उस्ताद, गेल्या आठवड्यात लातूरहून एक गृहस्थ दुकानात आले. पाणबुड्यांचं जुनं सामान जमवायचा त्यांना नाद आहे. पाठीवर बांधायच्या दोन टाक्या त्यांनी गाडीतून उतरवल्या, आणि श्वास घ्यायचं ते जुनं यंत्रही, दोन्ही खांद्यांवरून तोंडाशी येणाऱ्या दोन रबरी नळ्यांचं. दोन्ही टाक्यांची हवा एकत्र आणणारी पितळी जोडनळी, ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात, तेवढी हरवली होती. "नांदेडात तुम्हीच करू शकाल म्हणे." मी नाही म्हणालो. ते गेल्यावर लेथ बंद करून दुकान लावून घेतलं.

त्या उन्हाळ्यात असंच यंत्र घेऊन देवणीचे माजी नौसैनिक तुमच्याकडे आले होते. नदीत, विहिरीत बुडालेल्यांना ते बाहेर काढायचे. त्यांची जोडनळी तडकली होती, आणि नायगावकडच्या एका गावात चौदा वर्षांची मुलगी पाणी शेंदताना विहिरीत पडली होती. गळ टाकून टाकून लोक थकले होते. तुम्ही सकाळीच काम धरलंत. नळी तुम्ही कातलीत, आणि हवा अडवणारी रबराची कडी बसायची खाच माझ्याकडे दिलीत. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, चार वर्षं तुमच्या हाताखाली काढलेला. हत्यार मागं घेताना माझा हात हलला. खाचेच्या बुडाशी केसाएवढा चरा उठला. मला तो दिसला, उस्ताद. तेवढ्या जाडीचं पितळ दुसरं नव्हतं. मी वरून कडी बसवली आणि गप्प राहिलो.

दुपारी नळी बसवून हवा भरलेल्या टाक्या हौदात बुडवल्या. जोडापाशी एक बुडबुडा येतो, थांबतो, मग दुसरा येतो. नौसैनिक म्हणाले, "एवढ्यानं काय व्हतंय? पंधरा मिनिटांचं काम हाय."

"नक्को," तुम्ही म्हणालात. "एक लेकरू आत हाय. तुमाला बी आत ठिवू का?" तुम्ही हवा सोडली, कडी काढली, नखानं खाच चाचपली आणि माझ्याकडं बघितलंत. "दिसलं न्हाई का तुला?"

"न्हाई, उस्ताद."

तुम्ही त्यांच्याकडं वळलात. "माझ्या हातनं बिगडलं. उद्या देतो."

पितळ आणायला मला लातूरला पाठवलंत. दुसऱ्या दिवशी सगळी नळी तुम्ही एकट्यानं केलीत, आणि नौसैनिकांबरोबर आपण दोघंही विहिरीवर गेलो. मुलीची आई काठाशी बसली होती. मांडीवर घडी घातलेला ड्रेस. कुणीतरी तो बाजूला ठेवायला गेलं तर म्हणाली, "राहू द्या. भिजली असंल ती. कोरडं घालाया आणलंय." मुलीला वर आणल्यावर बायकांनी तिला घेरलं. थोड्या वेळानं तुम्ही त्या आईसमोर हात जोडलेत. "बाई, कालच यायचं व्हतं. माझ्यामुळं उशीर झाला." ती म्हणाली, "तुमी आणून तर दिली, भाऊ." मी तुमच्या मागं उभा होतो, हातात पाना घेऊन.

परतताना जीपमध्ये तुम्ही एवढंच बोललात, "चुकनाऱ्याला मी ठिवतो. लपवनाऱ्याला कसं ठिऊ, सांग." सकाळी तुम्ही रोजच्यासारखं काम दिलंत. पुन्हा कधी विचारलं नाहीत, आणि मीही तुम्ही जाईपर्यंत सांगितलं नाही.

तुम्ही गेल्यानंतर एकदा पंपाच्या कामाला त्या गावात गेलो आणि सगळं सांगून टाकायचं ठरवून त्या आईचं घर विचारत पोचलो. तिनं मला ओळखलं. चहा ठेवला. तुम्ही गेल्याचं कळल्यावर तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "तोंडानं काय न्हाई बोलले मी, पन मनात लई राग धरला त्यांचा. लेक एक दिवस जास्त पान्यात राहिली ना. आता ते बी गेले. कुनाला सांगू?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बशीतला चहा संपवला, येतो म्हणालो आणि निघालो.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच तुम्हाला लिहितोय, उस्ताद. ती अजून आहे. तिचं घर मला माहीत आहे.