मिस्साशिवाय लग्न

सोमवार, ६ जानेवारी २०२५
परवानगी आली! बिशपांची. अजिंक्य कॅथलिक, मी प्रोटेस्टंट — तेव्हा ती लागतेच. त्याचा फोन आला तेव्हा वॉर्डात एका आजोबांचं बीपी घेत होते. आकडा विसरले, पुन्हा घ्यावं लागलं. आजोबा म्हणाले, "सिस्टर, आधी तुमचंच बघा." लग्न ८ फेब्रुवारीला, त्याच्या चर्चमध्ये.

गुरुवार, ९ जानेवारी
पप्पांना सांगितलं. ते आमच्या चर्चच्या मंडळीत पंच. ऐकून चष्मा पुसत बसले. "आपले पाळकसाहेब काय तिकडे नुसते बाकावर बसणार?" म्हटलं, नाही, संदेश तेच देणार, फादरांनीच सुचवलंय. मग — "गायनमंडळ आपलंही असेल तर बघू." पप्पांचं हो असंच येतं.

रविवार, १२ जानेवारी
दोन्ही चर्चमध्ये आमची नावं पुकारली. कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून अजून दोन रविवार पुकारतील. पाळकसाहेबांनी अजिंक्यचं आडनाव चुकवलं, मागच्या बाकावर हशा. माझे कान तापले. शहरात गड्ड्याची जत्रा भरलीय, रस्ते बंद, लांबून चालत घरी आले. पाय दुखले नाहीत.

शनिवार, १८ जानेवारी
फादरांकडे बसलो. अडचण निघाली. लग्नात मिस्सा, म्हणजे त्यांची पूर्ण उपासना, ठेवली तर ख्रिस्तशरीर — ती आशीर्वादित भाकर, आमच्याकडचं प्रभुभोजन — फक्त कॅथलिकांना देता येतं. म्हणजे माझ्याच लग्नात नवरा घेणार, मी शेजारी नुसती उभी. पप्पा, मम्मी, अर्धं चर्च बाकावर. मिस्साशिवायही लग्न लागतं, तेही तितकंच खरं, फादर म्हणाले. अजिंक्य म्हणाला, "मग मिस्सा नको, फादर. मला एकट्याला नाही घ्यायचं."
बाहेर आल्यावर त्याला गाडीची चावी लागेना. मीच लावली.

सोमवार, २० जानेवारी
कुंभारीला त्याच्या आईंना सांगायला गेलो. नवरा गेल्यापासून त्यांनी एका रविवारची मिस्सा चुकवलेली नाही, सकाळच्या बसने शहरात येतात. भाकरी थापत होत्या. हात थांबला.
"मिस्साबिगर लगीन?"
अजिंक्य समजावत राहिला. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्या यीन. जेवीन बी. पर लगीन लागलं असं माझं मन म्हननार न्हाय."
परतताना त्याला म्हटलं, ठेवू मिस्सा, मी बसेन. तो म्हणाला, "तू बसशील गं. मला बघवायचं नाही."

गुरुवार, २३ जानेवारी
साडी मिळाली! नवी पेठेत, चौथ्या दुकानात. पांढरी, बारीक चंदेरी काठ. मम्मीला गाऊन हवा होता, पण आरशात बघून तिनेच पदर सारखा केला. घरी येऊन दोनदा नेसले.

बुधवार, २९ जानेवारी
दोन्ही गायनमंडळांचा पहिला सराव. गीत एकच, पण त्यांची चाल वेगळी, आमची वेगळी — पहिल्या कडव्यात नुसता गोंधळ. मग एक कडवं तुमचं, एक आमचं असं ठरलं. फार छान वाटतं ऐकायला. पप्पा जेवताना कॅथलिकांचीच चाल गुणगुणत होते. विचारलं तर म्हणे, "कुठे काय?"
कुंभारीहून फोन नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी
फोन आला. "परवा मिस्साला येशील? माझ्यासंगं बस." अजिंक्यच्या आई, एवढंच बोलल्या. का, ते विचारायचा धीर झाला नाही.

रविवार, २ फेब्रुवारी
गेले. त्यांच्या शेजारी बसले. ख्रिस्तशरीर घ्यायची वेळ झाली, लोक वेदीकडे निघाले, बाक रिकामे होऊ लागले. त्यांना जाता यावं म्हणून मी पाय आत घेतले. त्या उठल्या नाहीत. मागच्या बाईंनी खांद्याला हात लावला, "मार्थाबाई, चला की."
"तुमी जावा," आई म्हणाल्या. "म्या सुनंसंगं बसलीया."