सशिणीची शिंक

आई, तुझा आवाज त्यांनी बिघडवला आणि बाजारात आणला. वर खोक्यावर 'पुन्हा नव्यासारखा' असं सोनेरी अक्षरांत छापलंय. तुला जाऊन इतकी वर्षं झालीत, आता हे तुला सांगून काय होणार, असं घरातले म्हणतात. पण माझा राग कुणाला सांगू? बाबा गेले. ज्यांनी ते कार्टून काढलं त्यातलं कुणी असलं तरी मला ठाऊक नाही. उरली मावशी. तिला सांगावं तर ती माझ्यापेक्षा जास्त चिडलीय. म्हणून तुलाच सांगते, सगळं पहिल्यापासून.

दिवाळीत तुझी नात पुण्याहून आली. बॅगेतून एक खोका काढला आणि म्हणाली, "आई, डोळे मीट." जुन्या मराठी कार्टूनचा संच होता, डीव्हीडींचा. साफसूफ करून, रंग उजळून, नव्यानं काढलेला. त्यात तुझ्या आवाजातली सशीण होती. मी खोका हातात घेतला आणि तुझी गोष्ट आठवली. तूच सांगायचीस ना ती गोष्ट, हिंगोलीच्या स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून? मुंबईत बाबा त्या कार्टून काढणाऱ्यांच्या कचेरीत कारकून होते. मी तुझ्या कडेवर होते. एक दिवस बाबा न जेवता गेले म्हणून तू डबा घेऊन तिकडं गेलीस आणि जिन्यातच त्यांना धरलंस. "काहून न्हाई खाल्लं सकाळी? हवा खाऊन काम करून राहिलात का?" वर ते कार्टून काढणारे साहेब बसलेले. त्यांना सशिणीसाठी आवाज पाहिजे होता, पिल्लू हरवलेली सशीण. बऱ्याच जणी येऊन गेल्या होत्या, पण सगळ्या म्हणे पिल्लाला हाक मारताना गाणं म्हटल्यासारखं बोलायच्या. साहेब जिन्यात आले आणि तुला म्हणाले, "बाई, समजा तुमचं हे लेकरू हरवलं, तर काय म्हणाल?" तू मला छातीशी घट्ट धरलंस आणि त्यांच्यावरच उखडलीस, "असं इपरीत काहून बोलता?" झालं. दुसऱ्या दिवशी तू माइकपुढं.

मला ती गोष्ट पाठ होती, तरी मी दर वेळी मधेच विचारायचे, "मग परातीचं सांग." तू भाकरी थापता थापता सांगायचीस. सशीण पळते तेव्हाचा आवाज त्यांना जमेना. कुणी टेबल बडवलं, कुणी नारळाच्या करवंट्या आपटल्या. तू म्हणालीस, परात आणा आन् ज्वारीचं पीठ आणा. आणि त्या बंद खोलीत, माइकपुढं जमिनीवर बसून, तू भाकरी थापलीस. थप थप थप थप. सशीण दमली की हळू, कोल्हा दिसला की भराभर. तेवढ्यात पीठ नाकात गेलं आणि तू शिंकलीस. जोरात, दोनदा. तुला वाटलं, आता हे ओरडणार. साहेब मात्र हसत सुटले. शिंक त्यांनी ठेवली. आवाज आधी घ्यायचे ते, चित्र नंतर काढायचे. मग चित्र काढणाऱ्यांनी सशिणीला ज्वारीच्या रानात शिंक आणली, डोळे मिटून, कान उभे, चारी पायांनी हवेत उडलेली. मी म्हणायचे, "आई, तशी शिंक ना परत." आणि तू पिठाचा हात माझ्या गालाला लावून रागवायचीस, "शिंक काय मागून येते का गं? ऊठ, पाणी आण."

तर तुझ्या नातीनं टीव्हीला ते जोडलं. मी मावशीला फोन करून बोलावून घेतलं होतं. कनेरगाव नाक्याहून ती एसटीनं आली, गुडघे दुखत असताना. येताना नवं लुगडं नेसून आलेली. "बहिणीला भेटाया चालले," म्हणून गाडीत सगळ्यांना सांगत आली म्हणे. शेजारच्या बायका आल्या. चित्र सुरू झालं.

पहिल्यांदा नुसतं कानाला खटकलं. सशिणीचं तोंड हलायचं आणि शब्द जरा मागून यायचे. बोलून झालं, तोंड मिटलं, आणि मग 'लेकरू' ऐकू आलं. मला वाटलं, आमच्याच टीव्हीचं काही असेल. तुझ्या नातीनं वायर काढून परत लावली. तसंच. मग आवाज असा, की जसं तू उशीखालून बोलून राहिलीस. तुझ्या आवाजाला ती जी बारीक धार होती, दम लागल्यावर श्वास ऐकू यायचा, ते काहीच नाही. पुसून गुळगुळीत केलेलं. मग सशीण पळाली. आई, परात नाही. पायांना आवाजच नाही. सशीण रानातून अशी पळते की जणू पाण्यावरून घसरत चाललीय, आणि मागं कुठंतरी एक नवीन बाजा वाजतो. मग ज्वारीचं रान आलं. मी पुढं सरकून बसले. सशिणीनं डोळे मिटले, कान उभे केले, तोंड उघडलं, हवेत उडली. आणि काही नाही. शांत. परत उडली. शांत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, हिला काय झटका आला का?"

आणि मग कोल्हा म्हणतो ना, रात्र झाली, आता थांब, सकाळी शोधू. त्यावर तू म्हणतेस, "न्हाई! मी न्हाई थांबायची. माहं लेकरू उपाशी हाय." त्या जागी एक वेगळीच बाई बोलली. तरुण, गोड, स्वच्छ. "नाही! मी नाही थांबणार. माझं बाळ उपाशी आहे." आणि पुढच्या वाक्याला परत तू. एकाच सशिणीच्या तोंडातून दोन बाया. मावशीनं माझा दंड धरला. "हे कोण बोललं मधीच?" ती टीव्हीकडं बोट करून म्हणाली, "ही माही बहीण न्हाई. बंद कर ते." मी बंद केलं. शेजारणी उठून गेल्या. मावशी मुक्कामाला म्हणून आली होती, ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. चहासुद्धा नीट प्याली नाही.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझं डोकं जे तापलं ते अजून थंड झालेलं नाही. खोक्याच्या मागं कंपनीचा मुंबईचा नंबर होता. लावला. एका पोरीनं उचलला, मग बराच वेळ गाणं वाजत राहिलं, मग आवाजाचं काम बघणारा एक माणूस आला. बोलायला सभ्य होता, ते मान्य करते. म्हणाला, "मॅडम, मूळ प्रिंटवर खूप खरखर होती. ती आम्ही पूर्ण क्लीन केली."

मी म्हटलं, "शिंक खरखर असते का?"

"शिंक? कुठे आहे शिंक?"

"तेच मी तुम्हाला विचारते. तुमच्या चित्रात सशीण डोळे मिटून दोनदा हवेत उडते. ती काहून उडते?"

तो म्हणाला, "ती त्या कॅरॅक्टरची ॲक्शन असेल, मॅडम."

आई, ऐकलंस? ॲक्शन. ज्या शिंकेसाठी कुणीतरी पानंच्या पानं चित्रं काढली, ती पुसून टाकली आणि सशीण उडते ते ठेवलं. या माणसानं ते चित्र कितीदा पाहिलं असेल. एकदाही त्याच्या मनात आलं नाही, की ही का उडते? मी म्हटलं, बरं, शिंक राहू द्या. पळण्याचा आवाज? तो म्हणाला, तो थपथप आवाज त्यांच्या मशीननं बिघाड समजून काढला, म्हणून मग म्युझिक टाकलं, मुलांना म्युझिक आवडतं. आणि शब्द मागून येतात ते? ते काही टीव्हींवर होतं. आणि ती दुसरी बाई? तिथं तो जरा सावरून बोलला. "तिथे ट्रॅक खराब होता, मॅडम. दोन-तीन वाक्यं नव्यानं घ्यावी लागली. घेतानाच मग भाषाही जरा शुद्ध करून घेतली. मूळचा उच्चार, म्हणजे, थोडा गावठी होता. लहान मुलं बघतात ना."

मला एकदम ते हळदीकुंकू आठवलं. बाबांच्या साहेबांची बायको तुला सगळ्यांसमोर म्हणाली होती, "किती गावठी बोलता हो तुम्ही, एवढी वर्षं मुंबईत राहून." मी लाजून तुझ्या पदराआड गेले. तू हातातलं वाण पुढं केलंस आणि हसून म्हणालीस, "गावठी हाय म्हणून तर सिनेमात घेतलं मला. तुम्हाला बोलावलं होतं का कुणी?" तिचा चेहरा मला आजही दिसतो. मी विचार करते, त्या माणसाला तू काय म्हणाली असतीस. माझ्याच्यानं काही तसं झालं नाही. माझा आवाज चढला नुसता. तो म्हणाला, "मॅडम, आजपर्यंत एकाही ग्राहकाची तक्रार आलेली नाही." मी म्हटलं, "मग ही पहिली लिहून घ्या." त्यानं विचारलं, "तुम्ही कोण बोलता?"

"मी त्या सशिणीची पोरगी."

त्याला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलंय. मग म्हणाला, तुम्हाला दुसरा संच फुकट पाठवतो. मी विचारलं, त्यात शिंक आहे का? "नाही मॅडम, सेमच आहे." मी फोन ठेवला. नंतर ती डीव्हीडी परत लावून बघितली. शेवटी नावांची पाटी येते. मूळ पाटीत तुझं नाव नव्हतंच, 'इतर आवाज' एवढंच होतं, ते तू हसण्यावारी नेलंस. पण आता मागं नवी पाटी जोडलीय, ज्यांनी आवाज 'सुधारला' त्यांची. एकेकाचं नाव, मोठ्या अक्षरांत, सावकाश वर जाणारं. भाकरी थापणारीचं नाव नाही, तिची परात पुसणाऱ्यांचं आहे. सांग, राग येणार नाही तर काय होणार?

तुझ्या नातीनं मला शांत केलं नाही, ते बरं केलं. ती म्हणाली, "आई, चिडून भागणार नाही. आजीचा मूळ आवाज कुठं आहे ते शोध." तेव्हा आठवलं. मी शाळेत असताना एका रविवारी ते टीव्हीवर लागलं होतं आणि समोरच्या डॉक्टरकाकांनी त्यांच्या व्हीसीआरवर भरून घेतलं होतं. ती कॅसेट तू साड्यांच्या कपाटात ठेवली होतीस. होती अजून. लग्नाच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवून देणारा एक स्टुडिओवाला हिंगोलीत आहे, त्याच्याकडं आम्ही दोघी गेलो. चित्र सगळं पावसात भिजल्यासारखं, रेघारेघांचं. पण आवाज! त्या बारक्या खोलीत, हारांच्या आणि नवरानवरींच्या फोटोंमधे, तू म्हणालीस, "न्हाई! मी न्हाई थांबायची," आणि मी तिथल्या स्टुलावर बसले. स्टुडिओवाला म्हणाला, "काकू, पाणी आणू का?"

माझ्या पोरीनं दोन दिवस बसून कंपनीचं चित्र घेतलं, त्यांचा आवाज काढून टाकला आणि कॅसेटमधला तुझा आवाज त्याला जोडला. आधी नीट बसेना. मग तिनं सशीण हवेत उडते ती जागा धरली आणि तिथं शिंक बसवली. तिथून मागचंपुढचं आपोआप जुळत गेलं. तो आवाज तिनं कंपनीलाही पाठवला, की घ्या, हे खरं आहे. उत्तर आलं, आभारी आहोत, पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचार करू. त्यानंतर काही नाही. मी दोनदा फोन केला. आता माझा नंबर बघून उचलत नसावेत.

मावशीकडं आम्हीच गेलो, मोबाइल घेऊन. तिनं चष्मा लावला नाही, नुसता कानाजवळ धरला. परात वाजायला लागली तशी तिची बोटं मांडीवर हलायला लागली. शिंक आली तेव्हा ती लहान पोरीसारखी खिदळली. "व्हय, ही बराबर हाय," म्हणाली, "आशीच शिंकायची. घर हालायचं." मग तू लेकराला हाका मारायला लागलीस आणि मावशी, तुझ्यापेक्षा मोठी ती, "आले गं, आले," म्हणाली. आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

आणि मग मी ते शाळेत नेलं. मी डोंगरकड्याला शिकवते, तुला ठाऊक नाही, तू गेल्यावर माझी तिकडं बदली झाली. तिसरी-चौथीची पोरं एका खोलीत बसवली, खिडक्यांना चादरी लावल्या. मला भीती होती. आजकालची पोरं, मोबाइलवर काय काय बघतात, ही जुनी सशीण त्यांना काय आवडणार. पण तू तोंड उघडलंस आणि सगळी खोली दचकून हसली. एक पोरगी ओरडली, "मॅडम, ही तर आमच्या आज्जीवानी बोलून राहिली!" मग त्यांनी तुला सोडलंच नाही. कोल्ह्याला शिव्या दिल्या, पिल्लू कुठं लपलंय ते तुला ओरडून सांगितलं. शिंकेला तर काही पोरं बसल्या जागी तुझ्यासारखी उडाली. परत लावा, परत लावा. तीनदा लावलं.

संपल्यावर तीच पोरगी उभी राहिली. तिनं विचारलं, "मॅडम, सशीण 'न्हाई' म्हणते. मग ते चालते का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "चालते. एकदम चालते." पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटलं, त्या मुंबईच्या माणसाला हे ऐकवलं पाहिजे.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवणार? घडी घालून ठेवीन कुठंतरी. पण ठेवण्याआधी एक सांगते, तुझ्यापाशी तरी खरं बोलावं. परवा पोरांना आपल्या घराविषयी चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. 'चालते का' विचारणाऱ्या त्या पोरीनं लिहिलं, "माही आज्जी आता आमच्यात न्हाई." मी लाल पेनानं त्याखाली रेघ मारली आणि वर सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं. वही परत दिली, आणि ती जागेवर जाऊन बसेपर्यंत मी काय केलं ते मला कळलंसुद्धा नाही.